शनिवारचं वेळापत्रक

दर शनिवारी सकाळी बोटवाल्यांच्या साइटवरून वेळापत्रक गायब व्हायचं, आणि ऑकलंडसमोरच्या बॅरियर बेटाच्या धक्क्यावरून एक निनावी मेल यायचा: "गाढवांनो, बोट कधी सुटते?" वैतागून बोटवाले साइट सांभाळायचं आमच्याकडचं काम काढून घ्यायच्या बेतात होते.

शेवटी आमची लोसा मुळाशी गेली. वेळापत्रक दाखवणारी फाइल आमची नव्हतीच, एका हौशी माणसाने फुकट वाटलेली होती. आमच्या आधीच्या शहाण्यांनी ती उतरवून घ्यायचेही कष्ट घेतले नव्हते. साइट ती दर वेळी थेट त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरून ओढून आणत होती. लोसाने त्याचा नंबर शोधून फोन लावला.

"डेसकाका, शनिवारी तुमचा कॉम्प्युटर बंद का असतो हो?"

"अगं पोरी, शनिवारी मी ऑकलंडला बाजाराला जातो. इथे बेटावर ज्याची वीज त्याने करायची. रिकाम्या घरात जनरेटर चालवायला डिझेल काय झाडाला लागतं? बंद करूनच निघतो."

लोसा काही बोलणार, तोच काका तापले.



"आणि धक्क्यावर येऊन मोबाइल उघडावा, तर तुम्हा गाढवांचं वेळापत्रक गायब!"