येझदीची मागची सीट

"इथनं कापायची," म्हणत ऋत्विकनं येझदी मोटरसायकलच्या उघड्या चासीवर खडूनं रेघ ओढली. "या रेघेच्या मागचं सगळं उडवा, काका. एकट्यापुरती गाडी करायची आहे."

बाबल्यानं रेघेकडे पाहिलं आणि त्याला शिसारी आली. शांताराम खेडेकराच्या वर्षश्राद्धाला महिनाही झाला नव्हता, आणि त्याचा पोरगा त्याच्या गाडीचे तुकडे पाडायला मुंबईहून आला होता. लोक खाल्ल्या घरचे वासे मोजतात. यानं तर वासेच कापायला काढले होते.

"तुज्या बापसाची गाडी हाय ती," बाबल्या म्हणाला.

"म्हणूनच आणली."

"आवशीला विचारलंस?"

"आईला माहीत आहे."

"आनी मुंबईत कापनारे काय मेले सगळे?"

"तिथं खूप आहेत. पण इथंच करायचं ठरलंय. तुम्ही नाहीच म्हणालात तर पुण्याला पाठवीन." एवढं बोलून पोरगा रिक्षात बसून गेलाही.

बाबल्या पचकन बाहेर थुंकला. या गाडीला आजवर त्याच्याशिवाय दुसऱ्याचा पाना लागला नव्हता. आयुष्यात त्यानं शेकड्यानं गाड्या खोलल्या, पण चारचौघांत दाखवावी अशी ही एकच होती.

खेडेकर आंब्याच्या व्यापारातला. गोड बोलायचा, कपड्याची इस्त्री मोडू द्यायचा नाही. दर मंगळवारी गॅरेजात हजर. "बाबल्या, उद्या मंडळींना गणपतीपुळ्याला न्यायचंय. गाडी टंच पायजे." बुधवारी बाबल्या सामान आणायला चिपळूणला जायचा, त्यामुळे काम मंगळवारीच उरकावं लागायचं. बायकोचं नाव न घेता 'मंडळी' म्हणणारा जुन्या वळणाचा माणूस! बाबल्याला त्याचं कौतुक वाटायचं. त्यानं स्वतः आपल्या बायकोला, गुणवंतीला, लग्नानंतर एकदाही पुळ्याला नेलं नव्हतं, आणि खेडेकरापुढं त्याला त्याची लाज वाटायची.

एकदा खेडेकर म्हणाला, "मंडळींचे पाय पोचत नायत रे. लोंबकळतात." मग बाबल्यानं चासीला वेगळी पट्टी वेल्ड केली आणि साडीगार्डखालचं फूटरेस्ट चार बोटं वर घेतलं. पुढं बायकी चप्पल घासून घासून ते फूटरेस्ट गुळगुळीत झालं, पण पट्टी तसूभर हलली नाही. खडूची रेघ नेमकी त्या पट्टीच्या पुढून गेली होती.

दुपारी गुणवंती डबा घेऊन आली. पेट्रोलच्या वासानं तिचं डोकं चढतं, म्हणून एरवी ती दारातूनच डबा देते. आज मात्र ती आत येऊन गाडीपाशी उभी राहिली.

"ही रेघ कसली वो?"

बाबल्यानं सगळं सांगितलं, चार शिव्याही घातल्या. ऐकता ऐकता गुणवंतीचा चेहरा उतरला.

"कापू नका," ती म्हणाली. "मेलेल्या मानसाची गाडी. पाप लागंल." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बाबल्याला भरून आलं. परक्या बाईच्या पोटात तुटतं आणि पोटच्या पोराला काही नाही! त्या ऋत्विकची त्याला आणखीच किळस आली.

"थांब, त्याच्या आवशीलाच बोलावतो. ती कापू द्यायची नाय."

"त्यांना कशाला?" गुणवंती घाईनं म्हणाली. "तुमीच नाय म्हना ना."

"मी नाय म्हटलं तर पुन्याला नेऊन कापील. बायको हाय ती खेडेकराची. तिचा शब्द कसा मोडंल?"

गुणवंती वळली. कालचा रिकामा डबाही न घेता गेली.

बाबल्यानं सगुणावहिनीला फोन केला. तिला त्यानं आजवर लांबूनच पाहिलं होतं, तेही खेडेकराच्या तेराव्याला, बायकांच्या घोळक्यात. ती "परवा येते" एवढंच म्हणाली.

ठरल्याप्रमाणे ती मुलाबरोबर आली. अर्ध्या शटरखालून ऋत्विक सरळ आत शिरला, तिला मात्र वाकावं लागलं. बाबल्यानं स्टूल पुसून पुढं केलं, पण ती बसली नाही.

"वयनी, तुमीच समजवा याला," बाबल्या कळवळून म्हणाला. "बापूस गेला, आता त्याची आठवण पन कापतोय. मानूस हाय का कोन? या सीटवर बसून तुमी पुळ्याला जायचात. ही पट्टी बघा, तुमच्यासाठी वेल्ड केलेली. तुमचे पाय पोचत नव्हते म्हनून."

सगुणानं पट्टी पाहिली, खालचं ते गुळगुळीत फूटरेस्ट पाहिलं, आणि घाणीत पाय पडल्यासारखी मागं सरली. ऋत्विक रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"त्याला कशाला बोलताव, भावजी?" ती म्हणाली. "कापायला मीच सांगितलंय. आनी तुमच्याच हातनं कापायची, हे पन मीच."

बाबल्यानं पट्टीवर बोट ठेवलं. "पन खेडेकर तर दर वेळी... मंडळींना न्यायचंय, मंडळींना न्यायचंय..."

"मला ते सगुणा म्हनायचे. चारचौघांत पन. या गाडीवर मी कधी बसले नाय."

बाबल्यानं जमिनीवरची ग्राइंडरची वायर उचलून गुंडाळायला घेतली.

"मला वाटलं, तुमाला ठाऊक असंल," सगुणा म्हणाली. "काल तुमची गुणवंती माझे पाय धरून रडत होती, गाडी कापू नका म्हनून."