दसऱ्याच्या आत

"असा चेहरा करून द्या," म्हणत भीमाबाईंनी फोटो डॉक्टर घाट्यांच्या टेबलावर ठेवला. "दसऱ्याच्या आत."

एकसष्ट सालचा फोटो. खालचा अर्धा भाग मागे दुमडलेला. वरच्या अर्ध्यात पांढऱ्या पातळातली पंचविशीची बाई, कपाळावर गोंदणाचा ठिपका. त्याला आता तेवीस वर्षं झाली होती. कामठीत विड्या वळून वळून भीमाबाईंना बाक आला होता, गाल बसले होते. गोंदण तेवढं तेच होतं.

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात लग्नाच्या पोरी नाक सरळ करून घ्यायला येत. विड्या वळणारी बाई ही पहिलीच. नर्स सिंधूताईंनी पदरात हसू दाबलं.

डॉक्टर नुकतेच मुंबईच्या परिषदेहून परतले होते. चेहरा बदलायला येणाऱ्यांचं आधी मन तपासा, असं तिथं कुणी सांगितलं होतं आणि प्रश्नांची यादीही हातात दिली होती. नवं खेळणं मिळावं तशी ती यादी ते येईल त्याच्यावर चालवत.

"दिवसातून किती वेळा आरशात पाहता?"

"आरसा नाही जी घरात."

"चेहऱ्यावरून कुणी टोचून बोलतं?"

"काहून बोलन कोणी?"

"मग हे कुणासाठी?"

भीमाबाईंनी पदर सारखा केला. "एक जण हाय. त्यानं पाह्यल्याबरोबर मले ओळखलं पाहिजे."

"यजमान?"

"ते जाऊन सात वर्सं झाले."

सिंधूताईंच्या भुवया वर गेल्या. डॉक्टरांनी यादीवर एक बारीक फुली मारली.

"कुठं भेटणार तो?"

"दीक्षाभूमीवर. दर दसऱ्याले त्याच जागी बसून राह्यतो मी, हेच पातळ नेसून. लोक पाह्यतेत अन् पुढं जातेत. थांबत नाही कोणी."

बाई या वयात भलत्याच नादाला लागली, असं डॉक्टरांना वाटलं. दयाही आली. "कातडी ताणून बसवता येते, पण तुम्हाला त्याची गरज नाही. पाहिजे तर ते गोंदण काढून देतो."

भीमाबाईंचा हात झटकन कपाळावर गेला. "त्याले हात नका लावू जी!"

डॉक्टरांनी यादी मिटली आणि मनोविकारतज्ज्ञाच्या नावानं चिठ्ठी लिहिली. "बाई, खरंच तुमचा माणूस असेल ना, तर सुरकुत्यांतूनही ओळखेल तो तुम्हाला."

"मोठा माणूस ओळखन, डाक्टरसाब."

भीमाबाईंनी फोटोची घडी उलगडली. खालच्या अर्ध्यात, त्यांच्या मांडीवर, तोंडात पिपाणी धरून चार वर्षांचं पोर बसलं होतं.

"तिथंच काढला हा. अन् घंट्याभरात गर्दीत हात सुटला. त्यानं मायचा हाच चेहरा पाह्यला हाय."