कोटाची पाठ

डॉक्टर दुकानाची पायरी चढताना दिसले. शिंपीमास्तर कापडाच्या टेबलावर कोपरं टेकून वाकले होते, ते घाईघाईने ताठ झाले. लगेच डाव्या पायात मुंग्या आल्या.

याच डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेचं ऑपरेशन केलं होतं. मणक्यातली वाट अरुंद होऊन नसा दाबल्या जात होत्या, ती मोकळी केली. मास्तर घोड्यासारखे चालायला लागले. सात वर्षं. मग कुठे माशी शिंकली कोण जाणे. आता कोपऱ्यावरच्या बँकेपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसावं लागायचं. वाकलं की बरं वाटे, म्हणून मास्तर दिवसभर टेबलावर वाकून असत आणि गिऱ्हाइकं म्हणत, "कामात किती बुडालेले असता हो!"

घरी त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. बायकोने सांगून ठेवलं होतं, "पुन्हा पायांनी दगा दिला, तर दुकानाला कुलूप." आणि ती बोलेल ते करणारी बाई होती. चाळीस वर्षांचं दुकान. ते गेलं तर सकाळी उठून करायचं काय?

"कोट शिवायचाय," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी मुलीचं लग्न." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "कंबर काय म्हणतेय, मास्तर? दहा वर्षं झाली ना?"

"ठणठणीत!" मास्तर इतक्या जोरात म्हणाले की त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "परवाच टेकडी चढून आलो." टेकडीचं तोंडही त्यांनी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांचा चेहरा एकदम उजळला. आता हा माणूस चालून दाखवा म्हणतो की काय, या धास्तीने मास्तरांनी चटकन टेप काढली आणि माप घ्यायला सुरुवात केली.

जुनं माप वहीत होतंच, पडताळायचं तेवढं. पोट वाढलं होतं. ते सगळ्यांचंच वाढतं. मानेपासून खाली पाठ मोजली आणि मास्तर थबकले. पाठ दीड इंच वाढलेली, पुढची बाजू तेवढीच कमी. माणूस पुढे झुकायला लागला की असं माप येतं. पण हा तर दुसऱ्यांना सरळ करणारा माणूस! मास्तरांनी स्वतःचीच चूक धरली. "टेप सैल पडली वाटतं," असं पुटपुटत ते पुन्हा मोजायला लागले.

"टेप बरोबर आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "तुमचं होतं तेच मला झालंय. सोमवारी ऑपरेशन ठरलंय, पण धीर होत नाही. पुढे काय होतं ते दवाखान्यात माझ्या तोंडावर कोणी खरं सांगत नाही. म्हणून ज्यांची ऑपरेशनं केली त्यांना घरी-दुकानात गाठून विचारतोय. तुम्ही पाचवे. पाचही जण ठणठणीत."

मास्तरांना पेच पडला. खरं सांगावं, तर डॉक्टर तपासायला बोलावणार आणि संध्याकाळपर्यंत बायकोला कळणार. खोटं तसंच ठेवावं, तर हा माणूस जन्माचं दुखणं मिटेल असं समजून ऑपरेशनच्या टेबलावर आडवा होणार. बरं, ऑपरेशन नको म्हणावं, तर तेही पाप. ती सात वर्षं काय खोटी होती? मास्तरांनी त्या वर्षांत नातीला बोट धरून रोज शाळेत पोचवलं होतं, कुठेही न थांबता.

"मग कोट सरळ पाठीचाच शिवायचा ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांनी वहीत जुनं आणि नवं, दोन्ही मापं शेजारी शेजारी लिहिली.

"सरळच शिवू, डॉक्टरसाहेब. सात वर्षं अंगावर झक्क बसेल," ते शेवटी म्हणाले. "पण मागच्या दुमडीत दीड इंचाची माया ठेवतो. जास्तीचं कापड आत असलेलं बरं. माझ्या कोटाची माया मी तीन वर्षांपूर्वीच उसवली."