कामाच्या वेळी काम

अक्षतानं आणखी एक वर्कर बंद केला आणि पडद्यावरची रांग वाढताना बघत राहिली. पलीकडच्या खुर्चीत इंद्रजीत घाम पुसत होता.

"आज काय झालंय याला? सकाळपासून नुसतं अडकतंय."

"यात्रेचा सेल आहे, सर. गर्दी लई आहे."

होटगी रोडवरच्या त्या कंपनीत चादरी-टॉवेलवाल्यांची ऑनलाइन दुकानं चालायची. गिऱ्हाईक मोबाइलवर बटण दाबून मोकळं होतं. पण बिल पाठवणं, साठा कमी करणं, कुरिअरला कळवणं ही कामं पडद्यामागे रांगेत लागतात. त्यांना म्हणायचं जॉब. ते एकेक करून उचलणारे प्रोग्राम ते वर्कर. वर्कर बसले की रांग तुंबते, आणि रांग तुंबली की शहरभरचे कारखानदार फोन करून शिव्या घालतात. हे सगळं सुरळीत चालवायची जबाबदारी इंद्रजीतची होती.

पूर्वी त्याच्या हाताखाली महेश्वर होता, अक्षताचा भाऊ. अशाच एका सेलच्या दिवशी त्यांच्या वडिलांना, अप्पांना, झटका आला. महेश्वर सुट्टी मागायला उठला, तेव्हा इंद्रजीत मानही वर न करता म्हणाला होता, "कामाच्या वेळी काम. घरचं घरी." महेश्वर पोचला तोवर अप्पांना खाली घेतलं होतं. शेवटपर्यंत ते त्याचंच नाव घेत होते. त्या दिवसापासून आईचं अन्न तुटलं. महेश्वर नोकरी सोडून आईला घेऊन कुर्डुवाडीला गेला आणि तिथं मोबाइलदुरुस्ती करत बसला.

अक्षता मात्र विसरली नाही. लग्नानंतरचं आडनाव लावून ती त्याच कंपनीत, त्याच खुर्चीवर येऊन बसली. इंद्रजीतला पत्ता लागला नाही. महेश्वरला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "कशाला गं उकरून काढतेस? जाऊ दे की." तिनं जाऊ दिलं नाही. तिनं यात्रेच्या सेलची वाट बघितली. आज सेल बुडणार होता, आणि उद्या मालक इंद्रजीतला हाकलून देणार होता.

सेलच्या दिवशी मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवायचा नियम होता. आत फक्त टेबलावरचा फोन. रोज जेवणाच्या सुट्टीत त्यावर इंद्रजीतची आई त्याला "जेवलास का?" विचारायची. आज तो फोन जरा लवकर वाजला.

इंद्रजीतनं रिसीव्हर उचलला. आधी "कोण?" म्हणाला, मग नुसताच ऐकत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. फोन ठेवून तो क्षणभर अक्षताकडे बघत राहिला.

"दवाखान्यातून होता," तो म्हणाला. "आई सिरियस आहेत. लगेच निघायला पाहिजे. मी गाडी काढतो."

अक्षताच्या छातीत काहीतरी लख्ख पेटलं. नोकरी घालवणं ही फारच किरकोळ शिक्षा होती. देवानंच तिच्या पुढ्यात ताट वाढून ठेवलं होतं.

"आत्ता?" ती शांतपणे म्हणाली. "रांग कुठं गेलीय बघा की, सर."

"रांगेचं राहू द्या हो."

"राहू द्या कसं? एवढे लोक आपल्या भरवशावर बसलेत. कामाच्या वेळी काम, सर. घरचं घरी."

कुणी थोबाडीत मारल्यासारखा तो थांबला. "हे… हे तुम्ही विचार करून बोलताय?"

"करूनच बोलतेय."

तो मटकन खाली बसला. काही वेळ त्याची बोटं कीबोर्डवर नुसतीच फिरली. मग त्यानं पुन्हा मान वर केली.

"सेल बुडाला तर बुडू दे. मालकाला काय सांगायचं ते मी सांगेन. पण अजून वेळ आहे. सारखं नाव घेतायत म्हणे."

घेऊ दे, अक्षता मनात म्हणाली. अप्पांनीही घेतलं होतं. तिनं टेबलाखाली पाय घट्ट रोवले आणि उरलेले वर्कर बंद केले. पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. तेवढ्यात मालकाचा फोन आला आणि पलीकडचा आरडाओरडा तिला बसल्या जागी ऐकू आला.

"आता तर हलताच येणार नाही, सर."

इंद्रजीतनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. तो अधूनमधून तिच्याकडे बघायचा, बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. त्या नजरेत तिला भीती दिसली. तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी अंगातला ताप उतरावा तसं बरं वाटलं.

ऊन खिडकीतून कलत गेलं. फोन पुन्हा वाजला. त्यानं उचलून ऐकलं. रिसीव्हर हळूच खाली ठेवून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"गेल्या," तो म्हणाला.

अक्षतानं घाई केली नाही. एकेक करून सगळे वर्कर तिनं चालू केले. रांग सरसर ओसरली आणि पडदा हिरवा झाला. इंद्रजीत आधी पडद्याकडे आणि मग तिच्याकडे बघू लागला.

"म्हणजे तुम्हीच…"

"व्हय, मीच." ती उठून त्याच्या समोर उभी राहिली. हे वाक्य तिनं आरशापुढं कितीदा म्हणून बघितलं होतं. "मी महेश्वरची बहीण, सर."

ती त्याचा चेहरा बदलायची वाट बघत राहिली. तो बदलला नाही.

"माहीत आहे," इंद्रजीत म्हणाला. "दवाखान्यातले दोन्ही फोन त्याचेच होते. तुमच्यासाठी."