घरच्या शाळेचं गुणपत्रक

सात वर्षं ती घरीच शिकत होती. जेवणाचं टेबल हाच तिचा वर्ग आणि आई हीच एकुलती एक शिक्षिका. गल्लीपलीकडच्या शाळेच्या मैदानावरच्या शिट्ट्या खिडकीतून ऐकत ती मोठी झाली, आणि सोळाव्या वर्षी त्याच शाळेच्या रिले शर्यतीच्या संघात तिला जागा मिळाली. अट एकच होती. घरी शिकवणाऱ्याने दर महिन्याला पास झाल्याचं गुणपत्रक द्यायचं.

"जा की, मी कुठे अडवलंय?" आई म्हणाली होती.

महिनाभर ती रोज संध्याकाळी सरावाला गेली. घरी आली की नव्या मैत्रिणींबद्दल तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आई ताटं मांडता मांडता ऐकायची आणि "बरं झालं बाई, तुला माणसं मिळाली," एवढंच म्हणायची.

महिनाअखेरीस आईने भरलेलं गुणपत्रक हातात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती गणितात नापास झाली होती. तिने पेपर काढून एकेक गणित पुन्हा सोडवलं, पुस्तकामागच्या उत्तरांशी ताडून पाहिलं. सगळी बरोबर होती. स्पर्धा चार दिवसांवर आली होती. पेपर घेऊन ती आईसमोर उभी राहिली.

"आई, माझं चुकलंय कुठे?"

आईने पेपरकडे पाहिलंच नाही. शेजारची खुर्ची तेवढी ओढली.



"बस इथे. उद्यापासून रोज संध्याकाळी दोघी मिळून शोधू."