आज तू पुढे

निवृत्तीच्या सत्कारानंतर, गावच्या मैदानावर, ताईने मनगटावरची दोरी सोडून खिशात घातली.

ती अंध. एकाच दोरीने हात बांधून आम्ही भावंडं शर्यतीत धावायचो आणि तिने देशासाठी पदकं जिंकली. नियम असा, की रेषा तिनेच आधी ओलांडायची. मी पुढे गेलो तर ती बाद. शेवटच्या पावलाला मी दरवेळी स्वतःला आवरलं.

"आज तू पुढे पळ. जीव खाऊन. तिथून मला हाक मार."

"आणि पडलीस तर?"

"पडेन की. पळ तू!"

मी पळालो. रेषा ओलांडून ओरडलो, "ताई, ये!"

ती जागची हलली नाही. "पहिला आलास ना रे?"

"आलो!"

तेव्हा कुठे ती हसली आणि माझ्या आवाजाच्या दिशेने एकटीच सुसाट सुटली.