डब्यातली तुळस

गोकुळदासांच्या घरात 'भाटकार' हा शब्द शिवीसारखा उच्चारला जाई. ज्या भाटकाराच्या जमिनीवर त्यांचे घर पिढ्यानपिढ्या उभे होते, त्याने त्यांच्या आईला अंगणात तुळससुद्धा लावू दिली नव्हती. "झाड रुजलें की मनीसय रुजता," एवढेच त्याचे कारण. "माणसाने रुजू नये, हा कुठला न्याय?" असा सवाल गोकुळदास भेटेल त्याला करीत. अखेर डिचोलीला मुंडकारीच्या, म्हणजे परक्या जमिनीवर घर असलेल्याच्या हक्काच्या, खटल्याचा निकाल लागला, घराखालची जमीन त्यांच्या नावावर झाली आणि त्यांनी त्याच आठवड्यात अंगणात वृंदावन बांधले.

ही सारी कहाणी पाठ असलेली, मागच्या खोलीत भाड्याने राहणारी कोल्हापूरकडची भागीरथी हर्षाने पुढे आली. "दादा, आता कुनाची भीती न्हाई. म्या बी माझ्या दाराम्होरं तुळस लावली बघा!"

गोकुळदासांनी ती तुळस मुळासकट उपटून तिच्या हाती दिली. "बाय, डब्यात लाव. जमनीत नाका. फाल्यां-परवां तुझीं भुरगीं-बाळां हक्क सांगत येतलीं."

 

भागीरथीने मुळांना चिकटलेली माती तिथेच, त्यांच्या अंगणात झटकली आणि म्हणाली, "बरं, भाटकार."